एका बहुगुणी नटाचे चरित्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दर वर्षी या संमेलनात कोणा तरी कर्तबगार व्यक्तीचे चरित्र सांगण्याची कामगिरी आम्हांकडे येते. आजवर संत झाले, समाजसुधारक झाले, एके वर्षी सर विश्वेश्वरय्या झाले. यंदा आम्ही एका विलायती नटाचे नाव कळविले, तेव्हा चिटणिसांनी दूरध्वनीवरून दोनदा विचारून घेतले की, गुरुजी, नाव लिहून घेण्यात आमची काही चूक तर होत नाही ना? चूक होत नव्हती. नाव ह्यू लॉरी हेच आहे. हे गृहस्थ मुख्यतः दूरचित्रवाणीवरील नट. परंतु ते दिग्दर्शन करतात, आणि गातात-वाजवितातही. अशा माणसाचे चरित्र ज्ञातीच्या संमेलनात का सांगावे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो थोडा वेळ मनातच राहू द्यावा, अशी विनंती आहे.

आमचा व या गृहस्थांचा परिचय कसा झाला ते प्रथम सांगतो. गतवर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना आमचा मुक्काम पुण्यास पुतण्याकडे होता. पुतण्याची कन्या वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. रात्री अभ्यास आटोपला की ती 'हाऊस' नावाची एक अमेरिकन मालिका पाहत बसे, आणि पाय लांब करून पडलेले आम्हीही तिच्यासोबत पाहू लागलो. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. ते अमेरिकन उच्चार कानांवरून जात. नात थांबून थांबून अर्थ सांगे. त्या मालिकेत हाऊस नावाचा एक विक्षिप्त, तिरसट, काठी टेकीत लंगडत चालणारा डॉक्टर आहे. इतरांस न उकलणारे रोग तो उकलतो, आणि रोग्यांशी मात्र सौजन्याने दोन शब्द बोलत नाही. एका रात्री तो डॉक्टर घरी एकटाच पियानो वाजवीत बसलेला दाखविला. आम्ही म्हटले, "वाजविणारा कोणी दुसरा असेल, चित्रपटात असेच करतात." नात म्हणाली, "नाही आजोबा, वाजवतो आहे तो हाच. आणि हा अमेरिकनही नाही, इंग्रज आहे. त्याचे वडील मात्र खरे डॉक्टर होते." या शेवटच्या वाक्याने आम्ही उठून बसलो. पुढील माहिती आम्ही तिच्याकडून व मिळेल तेथून गोळा केली आहे.

ह्यू लॉरी यांचा जन्म ११ जून १९५९ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. आमचाही जन्म त्याच सालचा. तेवढे एकच साम्य समजावे. चार भावंडांत ते धाकटे. त्यांच्या वडिलांविषयी थोडे सविस्तर बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. रॅन लॉरी हे केंब्रिजचे नामांकित नावाडी. आपल्याकडे नावाडी म्हटले की कोळीवाडा डोळ्यांपुढे येतो. तिकडे वल्ही मारणे हा मोठ्या विद्यापीठांचा मानाचा खेळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ते आठ वल्हेकऱ्यांच्या नावेत होते व त्यांचा संघ चौथा आला. पुढे ते सरकारी नोकरीनिमित्त सुदानात गेले. मध्ये महायुद्ध झाले, दोन ऑलिंपिक स्पर्धा भरल्याच नाहीत. १९४८ साली जॅक विल्सन या आपल्या जुन्या जोडीदारासह ते परतले. विल्सनही सुदानातच नोकरीस होते. वयाची तिशी ओलांडलेल्या या दोघांनी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, हेन्ली येथील थेम्स नदीवर, दोघांच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर सुदानची नोकरी संपली, तेव्हा चाळिशीच्या सुमारास रॅन लॉरी यांनी वैद्यकीचा अभ्यास केला व ते ऑक्सफर्डमध्ये साधे कुटुंबवैद्य म्हणून राहिले.

आता यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ऐका. ते सुवर्णपदक घरात काचेच्या कपाटात मांडलेले नव्हते. ते मोज्यांच्या खणात ठेवलेले असे, आणि वडील त्याविषयी चकार शब्द काढीत नसत, असे पुत्राने मुलाखतींतून सांगितले आहे. आमच्या दिवाणखान्यात जिल्हा परिषदेकडून मिळालेले आदर्श शिक्षकाचे स्मृतिचिन्ह दारातून आत येणाऱ्यास प्रथम दिसेल अशा बेताने ठेवलेले आहे. ही हकीकत वाचल्यानंतर आम्ही ते तेथून हलविले नाही, हे कबूल करतो. परंतु त्याच्याकडे पाहताना आता थोडे ओशाळवाणे होते.

पुत्रही प्रथम वडिलांच्याच वाटेने निघाला. ईटन येथील शाळा, मग केंब्रिजमधील सेल्विन कॉलेज, विषय मानववंशशास्त्र व पुरातत्त्व. त्यांचे खरे लक्ष मात्र नदीवर. १९८० साली ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत ते केंब्रिजच्या नावेत होते. चार मैलांहून अधिक लांबीची ती शर्यत केंब्रिजने केवळ काही फुटांनी गमावली. याच काळात त्यांस गाठी येऊन ताप धरणारे एक चिवट दुखणे झाले, वल्ही मारणे थांबले, आणि रिकामा वेळ हाती आला. त्या रिकाम्या वेळात ते विद्यापीठातील 'फूटलाइट्स' नावाच्या विनोदी नाट्यमंडळीत शिरले. पुढील वर्षी ते तिचे अध्यक्ष झाले. एमा टॉमसन ही पुढे जगप्रसिद्ध झालेली अभिनेत्री त्यांच्या सोबतीस होती, आणि तिच्याच ओळखीने स्टीफन फ्राय हे उंचेपुरे, बहुश्रुत मित्र त्यांस लाभले. या मंडळींच्या प्रयोगास १९८१ साली एडिंबरो येथील महोत्सवात पेरिये पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक त्याच वर्षी प्रथम दिले जात होते. एका तापाने माणसाची दिशा बदलली. आमच्या काळी मुलास असा ताप आला असता तर आईने अंगारा लावला असता आणि वडिलांनी बुडालेल्या अभ्यासाचा हिशेब मांडला असता.

संगीताचा धागा याहून जुना आहे, आणि तो सांगण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागते. लहानपणी या मुलास पियानो शिकविण्यास एक बाई होत्या. शिकवणीच्या पुस्तकात नर्सरीतील गाणी, साध्या चाली, असे एकामागून एक धडे होते. मुलाचे त्यांत मन रमेना. पुस्तकात पुढे 'स्वानी रिव्हर' नावाचे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील काळ्या लोकांच्या गाण्याच्या ढंगाने रचलेले, एक गीत होते. त्याच्या तालात थोडी लचक होती. मुलगा आठवड्यांमागून आठवडे त्या पानाची वाट पाहत होता. अखेर तो दिवस आला. बाईंनी ते पान पाहिले, हे काही आपल्या कामाचे नव्हे असे दर्शविले आणि पान उलटून पुढील धडा काढला. मुलाचे पियानोवरील मन तेथेच उडाले व त्याने लवकरच शिकवणी सोडली. ही हकीकत लॉरी यांनी आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसोबत स्वतः लिहिली आहे.

त्या बाई वाईट होत्या असे आम्हांस वाटत नाही. त्या वेळेवर येत असतील, मेहनतीने शिकवीत असतील. प्रतिष्ठित घरातील मुलाने काय वाजवावे व काय वाजवू नये याची त्यांच्या मनात एक यादी होती, इतकेच. अशी यादी आपल्या घरांतूनही होती व आहे. पेटीवर अभंग चालतो, नाट्यगीत चालते. ढोलकीवर लावणीची थाप पडली की ज्येष्ठांच्या कपाळाला आठी. हे आम्ही दुसऱ्याविषयी बोलत नाही.

आम्ही तालुक्याच्या गावी सहाव्या-सातव्या इयत्तेस शिकवीत असतानाची, पस्तीस वर्षांमागील गोष्ट आहे. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा आमच्या वर्गात होता. गणितात बेताचा, परंतु हाताशी जे येईल त्यावर ताल धरणारा. बाक, डबा, पाटी, काहीही. गावात तमाशाचा फड आला की तो ढोलकीवाल्याच्या मागे जाऊन बसे. शाळेच्या संमेलनात त्याने ढोलकी वाजविली तेव्हा अख्खे गाव डोलले. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्या वडिलांस बोलावून घेतले आणि प्रगतिपुस्तकात आमच्या सुवाच्य अक्षरात लिहिले, "वादनाचा नाद सोडवावा. अभ्यासाकडे लक्ष पुरवावे." वडील आज्ञाधारक. त्यांनी नाद सोडविला. मुलगा पुढे वीज मंडळात चिकटला, घर बांधले, मुले मार्गी लागली. त्याचे काही वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. चार वर्षांमागे आमच्या भजनी मंडळात तबलजी मिळेना म्हणून आम्ही मोठ्या आशेने त्याच्याकडे गेलो. त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला, चहा दिला, आणि म्हणाला, "गुरुजी, हात विसरले." त्याच्या मनात राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरे वाटले असते.

असो. लॉरी यांच्या चरित्राकडे वळतो.

केंब्रिज सोडल्यावर ते बीबीसी व इतर वाहिन्यांवर विनोदी कामे करू लागले. 'ब्लॅकॅडर' ही इतिहासाची थट्टा करणारी मालिका; तीत १९८७ साली त्यांनी मठ्ठ राजपुत्राचे व १९८९ साली पहिल्या महायुद्धाच्या खंदकातील एका भोळ्या लेफ्टनंटाचे काम केले. त्या दुसऱ्या मालिकेचा शेवटचा भाग नातीने आम्हांस मुद्दाम दाखविला. सगळा वेळ हसविणारी पात्रे अखेरीस खंदकातून बाहेर पडून शत्रूच्या गोळ्यांपुढे धावत जातात. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. फ्राय यांच्यासह त्यांनी स्वतः लिहिलेले प्रहसनांचे कार्यक्रम १९८९ ते १९९५ पर्यंत चालले. त्यांतील गाणी लॉरी स्वतः रचीत व पियानो किंवा गिटार घेऊन म्हणत. १९९० ते १९९३ या काळात 'जीव्ज अँड वूस्टर' ही २३ भागांची मालिका झाली. पी. जी. वुडहाऊस हे आपल्या पु. ल. देशपांडे यांचे अत्यंत आवडते लेखक. त्यांचा तो रिकामटेकडा श्रीमंत तरुण बर्टी वूस्टर लॉरी यांनी उभा केला, आणि त्याचा शहाणा सेवक जीव्ज फ्राय यांनी. बर्टी पियानोशी बसून जी गाणी म्हणतो तीही लॉरी यांनी स्वतःच गायिलेली. म्हणजे ज्याने पियानोची शिकवणी सोडली होती, तो आपल्या आपण शिकून पुन्हा पियानोपाशी आला होता.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की, या माणसास आता काय कमी? परंतु १९९६ च्या सुमारास एका धर्मादाय कार्यासाठी भरलेल्या मोटारींच्या शर्यतीत ते उतरले होते. सभोवती गाड्या आदळत होत्या, आगी लागत होत्या. आणि त्यांस ना भीती वाटली ना उत्साह. केवळ कंटाळा वाटला. हे निरोगी मनाचे लक्षण नव्हे हे त्यांनी त्या क्षणी ओळखले व ते मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांस अवसादाचा विकार होता. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. आपल्याकडे मधुमेह मोकळेपणाने सांगतात, रक्तदाबाचे आकडे तर लग्नाच्या पंगतीत सांगतात. मनाचे दुखणे मात्र दाराआड राहते. वधूवर सूचक समितीवर आम्ही नऊ वर्षे होतो, म्हणून हे माहितीने बोलतो.

दिग्दर्शनाकडे ते उशिरा वळले. २००३ साली 'फॉर्टीसमथिंग' नावाच्या एका मालिकेत त्यांनी प्रमुख काम केले व काही भाग स्वतः दिग्दर्शित केले. मालिका लोकांस रुचली नाही. सहा भागांत आटोपली. योगायोग असा की, तीतही ते डॉक्टरच होते.

त्यानंतर ते एका चित्रपटाच्या कामासाठी आफ्रिकेतील नामिबिया देशात गेले असता त्यांस अमेरिकेतील एका नव्या मालिकेसाठी परीक्षेची चित्रफीत पाठविण्यास सांगण्यात आले. हॉटेलात पुरेसा उजेड केवळ न्हाणीघरात होता. तेथे उभे राहून, दाढी वाढलेल्या अवस्थेत, त्यांनी ती फीत काढली. निर्माते ब्रायन सिंगर यांनी ती पाहिली आणि, असाच अस्सल अमेरिकन नट आपणांस हवा होता, असे ते म्हणाले. तो इंग्रज आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. ही मालिका म्हणजेच 'हाऊस'. १६ नोव्हेंबर २००४ रोजी ती सुरू झाली व २१ मे २०१२ रोजी संपली; एकूण १७७ भाग. २००८ साली ६६ देशांतील पाहणीत जगात सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ती ठरली. लॉरी यांस दोन वर्षे लागोपाठ गोल्डन ग्लोब हा मान मिळाला. एमी या पारितोषिकासाठी या कामाकरिता सहा वेळा त्यांचे नाव पुढे आले आणि सहाही वेळा ते मागे राहिले. वर्षाचे सुमारे नऊ महिने ते लॉस एंजिलिसला, व पत्नी आणि तीन मुले लंडनला. हा भाग आम्ही मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी सांगतो. आखातात व अमेरिकेत नोकरीस असलेल्या आपल्या कुटुंबांस तो समजावून सांगावा लागणार नाही.

त्यांच्या वडिलांची इच्छा मुलाने वैद्यकीकडे यावे अशी होती. १९९८ साली वडील वारले. त्यानंतर सहा वर्षांनी मुलगा पडद्यावर डॉक्टर झाला आणि खऱ्या डॉक्टराच्या कित्येक पट द्रव्य मिळवू लागला. आपण आपल्या वडिलांची खोटी प्रतिकृती होऊन त्यांच्याहून अधिक पैसा घेतो याची आपणांस टोचणी लागते, अशा आशयाचे ते बोलले आहेत. आपल्याकडे याच्या उलट घडले. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य. चांगला चाललेला व्यवसाय सोडून १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. तिकडे डॉक्टराचा मुलगा नट झाला, इकडे डॉक्टरच नट झाला. दोन्ही घरांतून त्या वेळी काय संभाषणे झाली असतील याची कल्पना आपणांपैकी पुष्कळांस करता येईल.

'हाऊस'मधील दोन भाग लॉरी यांनी स्वतः दिग्दर्शित केले. पहिला २०१० साली. त्यात रुग्णालयातून एक नवजात अर्भक नाहीसे होते, सर्व दारे बंद केली जातात, आणि जो जेथे आहे तो तेथेच कोंडला जातो. दोन दोन माणसे एकेका खोलीत. धावपळ नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ बोलणे. आम्ही शाळेत पंचवीस वर्षे नाटके बसविली आहेत, म्हणून जाणतो की, रंगमंचावर घोडदौड दाखविणे सोपे, दोघांस खुर्च्यांवर बसवून पाऊण तास प्रेक्षकांस खिळविणे कठीण. दुसरा भाग २०१२ सालचा. हाऊसचा एकुलता एक मित्र, जो स्वतः कर्करोगाचा डॉक्टर, त्यालाच कर्करोग झालेला असतो. रुग्णालयात ज्याची परवानगी मिळणार नाही अशा जबर मात्रेचे औषध त्यास हवे असते. हाऊस त्यास आपल्या घरी आणतो व रात्रंदिवस त्याची शुश्रूषा करतो. जो डॉक्टर आठ वर्षे रोग्याच्या खोलीत जाण्याचे टाळीत होता, तो येथे ओकारीचे भांडे धरून बसलेला दिसतो. आणि हे सारे दिग्दर्शकाने स्वतःच्या चेहऱ्यावर दाखवावयाचे, म्हणजे एकाच वेळी आत असावयाचे आणि बाहेरूनही पाहावयाचे. आमच्या नातीने या भागात औषधांच्या तीन चुका काढल्या. त्या खऱ्याही असतील. पाहताना तिचे डोळे मात्र भरून आले होते.

आता संगीताकडे येतो. २०११ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांची 'लेट देम टॉक' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ती ब्लूज या प्रकारातील गाण्यांची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरीतून सुटलेल्या परंतु दैन्यातून न सुटलेल्या काळ्या मजुरांनी शेतांत, रुळांवर, तुरुंगांत जे गाणे निर्माण केले, ते ब्लूज. लहानपणी बाईंनी उलटलेल्या पानावर ज्या लोकांच्या ढंगाची केवळ नक्कल होती, त्यांचेच हे अस्सल गाणे. कुमारवयात असे एक गाणे कानी पडले व आपण कायमचे त्याचे झालो, असे लॉरी सांगतात. ही ध्वनिमुद्रिका करण्यासाठी ते न्यू ऑर्लिन्स या त्या संगीताच्या माहेरी गेले. तेथील जाणते संगीतकार अ‍ॅलन टूसां यांनी वाद्यमेळाची रचना केली. इर्मा टॉमस, डॉक्टर जॉन यांसारखे त्या नगरीचे मुरलेले कलावंत सोबत गायिले. निर्माते जो हेन्री होते. इंग्लंडात ती विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. २०१३ साली दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि 'कॉपर बॉटम बँड' नावाच्या वाद्यवृंदासह त्यांनी देशोदेशी प्रयोग केले.

यावर टीका झाली नाही असे नाही. ईटनच्या शाळेत शिकलेल्या गोऱ्या, सुखवस्तू माणसाने गरीब काळ्या मजुरांचे दुःख गावे काय, हा प्रश्न रास्तच आहे. लॉरी यांनी तो स्वतःच आधी उपस्थित केला. आपण त्या मुलखात जन्मलो नाही, तेथील अन्न खाल्ले नाही, ते कष्ट उपसले नाहीत. आपण या शेतात कुंपण ओलांडून शिरलेले परके आहोत, हे त्यांनी उघडपणे लिहिले. आमचे मत विचाराल तर, ज्यांचे गाणे त्यांस सोबत घेऊन, त्यांची नावे सांगून, नम्रपणे गाणाऱ्यास दोष देणे कठीण आहे. लावणी आपल्या दिवाणखान्यात आणून तिच्या मूळ गाणाऱ्यांस मात्र ओसरीवरच ठेवणारे कितीतरी जण आम्ही पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, हे विलायतेतच शोभते. आपल्याकडे एकाने एकच काम करावे. त्यास उत्तर म्हणून पु. ल. देशपांडे यांचेच उदाहरण देतो. त्यांनी १९५३ साली 'गुळाचा गणपती' या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका अशी सारी अंगे एकट्याने सांभाळली. १९५९ साली, म्हणजे लॉरी जन्मले त्याच वर्षी, दिल्लीस दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत तेच होते. तेव्हा परंपरा आपल्याकडे आहे. शंका आहे ती आपल्या प्रगतिपुस्तकांविषयी.

पुढील कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. २०१६ सालच्या 'द नाइट मॅनेजर' मालिकेतील शस्त्रास्त्रांच्या दुष्ट व्यापाऱ्याच्या भूमिकेबद्दल त्यांस तिसरा गोल्डन ग्लोब मिळाला. एक कादंबरीही त्यांच्या नावावर आहे. २०२२ साली अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ सालच्या एका रहस्यकथेवर त्यांनी तीन भागांची मालिका केली. तिचे लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे, आणि तीत एक लहानशी भूमिकाही त्यांची. ती भूमिका पुन्हा एका डॉक्टराचीच. पाहुणी म्हणून एमा टॉमसन त्यात आल्या. १९८१ च्या त्या एडिंबरोच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी आपल्या जुन्या सवंगड्याच्या सूचनेबरहुकूम त्या उभ्या राहिल्या. ते दृश्य पाहताना आम्हांस गहिवरून आले; नातीस त्यात गहिवरण्यासारखे काय ते कळले नाही.

आता आरंभी आपण मनात ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मंडळाचा शिष्यवृत्ती निधी आपणां सर्वांच्या देणग्यांतून उभा आहे. त्याचा नियम वैद्यकी, अभियांत्रिकी व तत्सम अभ्यासक्रमांपुरता आहे. गतवर्षी आपल्यातील एका मुलीचा अर्ज आला. वडील रिक्षा चालवितात. तिला ध्वनिमुद्रण व संगीतरचना यांचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे होते. प्रवेश मिळाला होता, शुल्काची अडचण होती. अर्जासोबत तिने स्वतः बांधलेल्या दोन चालींची फीत जोडली होती. समितीत आम्ही पाच जण. ती फीत आम्ही कोणीही ऐकली नाही. "नियमात बसत नाही" असा शेरा लिहिण्यात आला, आणि समितीत अक्षर चांगले म्हणून तो लिहिण्याचे काम आम्हांकडेच आले. ही सभा आमच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी झाली.

पुण्याहून परतल्यावर आम्ही चिटणिसांकडून ती फीत मागून घेतली. दोन चाली आहेत. एक ओवीच्या अंगाने जाणारी आहे. दुसरीत ढोलकी आहे. संगीतातले आम्हांस फारसे कळत नाही, म्हणून ती घेऊन आम्ही वीज मंडळातील त्या आमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने ती तीन वेळा ऐकली. तिसऱ्या वेळी त्याची बोटे टेबलावर चालू लागली. त्याने आपल्या खात्यातून त्या मुलीच्या शुल्काचा पहिला हप्ता भरण्याची तयारी दाखविली आहे; उरलेल्याचे काय ते मंडळाने पाहावे, असे त्याचे म्हणणे आहे.

नियमात दुरुस्ती करण्याची आमची सूचना दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदक म्हणून त्या विद्यार्थ्याची. तो मागील रांगेत बसला आहे. भोजनानंतर ती फीत येथे ध्वनिक्षेपकावरून लावण्यास अध्यक्षांनी परवानगी दिली आहे. जेवण आटोपताच कोणी घरी जाऊ नये.